दोन बोटं सैल

मखमलाबाद, नाशिक
६ जुलै २०२५

चि. दीपमाला हिस,
आतेभाऊ राज याचे अनेक आशीर्वाद.

हसू नकोस. तूच तुझ्या मैत्रिणीकडून, संपदाकडून, निरोप धाडलास ना, की पाकिटावर पाठवणाऱ्याचं नातं लिहावं लागतं, नाहीतर उघडून बघतात. मी लिहिलं आतेभाऊ. आशीर्वाद द्यायला तुझ्याहून चारच महिन्यांनी मोठा आहे, पण चालवून घे.

आयुष्यात पहिल्यांदा पत्र लिहितोय. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतल्या बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. काय करणार? तुझा फोन तिथं जमा. रविवारी मिळतो तो अर्धा तास तुझ्या घरचा. भिकाकाका फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर बसतात आणि मी बांधाच्या अलीकडे आमच्या शेवंतीत उभा असतो. शब्द कळत नाहीत, नुसता आवाज येतो. तेवढ्यावर आठवडा काढतो.

काका काय म्हणाले ते मी विसरलेलो नाही. 'पोरीचं ट्रेनिंग संपस्तवर मी कोणाला शब्द देनार नाय. तवर राजच्या अंगावर वर्दी आली तर बोलू. नायतर निफाडची मानसं बसलीच हायेत दारात.' बागाईतदार लोक, त्यांना थांबायची सवय असते. मला नाही.

दीपे, मी त्या दिवशी पोलीस भरतीत उंचीत पास झालो होतो. पळायला उभाच राहिलो नाही, छातीतच काढला. न फुगवता ऐंशी, फुगवून चौऱ्याऐंशी. पाच वाढायला पाहिजे होती, चारच वाढली. त्यात मी त्या पट्टीवाल्याला ओरडलो, 'पट्टी धरायची तरी अक्कल आहे का?' तू लांबून बघत होतीस. तुझं नाव यादीत आलं तेव्हा तू हसलीही नाहीस नीट, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

कॉलेजात तेच झालं, इथंही तेच. ओळखपत्र सरांच्या टेबलावर फेकून आलो तेव्हा लय भारी वाटलं होतं. जिना उतरेपर्यंत.

आता नाक्यावरच्या जिमला नाव घातलंय. तळघरात आहे, तीन बाजूंनी आरसे. ट्रेनर देवव्रत, पंचवटीतल्या भटजींच्या घरातला. वडील घाटावर पूजा सांगतात, हा आम्हाला डंबेल्स सांगतो. त्याने मला आरशासमोर उभं केलं आणि म्हणाला, 'भावा, तू पळून पळून बोंबील झालायस. कार्डिओ मसल खातो. छाती पाहिजे ना? मग बेंच प्रेस. पळणं बंद.' मला पटलं. तू आणि मी वर्षभर गोल्फ क्लबच्या मैदानावर पळालो. तुला वर्दी मिळाली, मला काय मिळालं? पोटऱ्या.

तू जाताना दिलेली शिवणाची मोजपट्टी खिळ्याला टांगलीय. दर रविवारी माप घेतो. पुढच्या भरतीत पाच नाही, सात वाढवून दाखवतो.

पाय कसे आहेत? उत्तर लिही.

राज


प्रशिक्षण केंद्र
२० जुलै

राज,

आतेभाऊ? अख्ख्या जगात तुला तेवढंच नातं सापडलं? आतेभावाशी लग्न लागतं हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे आणि टपाल वाटणाऱ्या मॅडमना तर फारच माहीत आहे, त्या साताऱ्याकडच्या. सगळ्या बॅरकसमोर म्हणाल्या, 'आतेभाऊ का गं? मग आत्या कधी येणार बोलणी करायला?' दोन दिवस पोरी मला 'आत्याची सून' म्हणत होत्या. पुढच्या पाकिटावर मावसभाऊ लिही. अक्कल नसेल तर निदान नातं तरी बदल.

आता तुझ्या भटजी ट्रेनरचं. त्याला विचार, भरतीत कोणी आरसा आणतं का? छाती किती मोठी आहे हे ते बघतच नाहीत. ती आधीच एकोणऐंशीच्या वर होती तुझी. कमी पडला तो श्वास. श्वास लोखंड उचलून वाढत नाही, पळून वाढतो. इथं उस्ताद आम्हाला पहाटे पळवतात आणि शेवटच्या फेरीत मोठ्याने आकडे म्हणायला लावतात. पहिल्या आठवड्यात माझ्या तोंडातून आवाज फुटत नव्हता. आता तिसऱ्या रांगेपर्यंत जातो. हेच सांगतेय मी.

आणि बोंबील म्हणाला म्हणून एवढं लागलं तुला? अंगाला आकार यावा असं मलाही वाटतं, खोटं कशाला बोलू. इथं आल्यापासून दोन ड्रेस सैल झालेत. आई स्पीकरवर म्हणाली, 'वाळली असशील गं.' पोरी म्हणतात, पळणारीची कंबर बघ कशी आत जाते. पण रात्री अंथरुणावर पडले की कंबर आठवत नाही, फक्त नडग्या आठवतात. इतकं दमायला होतं की रडायचं राहून जातं.

पळ राज. गोल्फ क्लब लांब पडत असेल तर पाटाच्या कडेने पळ. माती मऊ आहे तिथली.

दीपमाला

ता. क. मी हसले नाही, कारण तू ओरडत होतास. यादीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.


मखमलाबाद
७ सप्टेंबर

चि. दीपमाला हिस, मावसभावाचा आशीर्वाद.

(आता खूश?)

काल विसर्जन झालं, म्हणून लिहायला उशीर. दहा दिवस अंग नुसतं पिळून निघालं. पहाटे पाचला आईबरोबर फुलबाजार, तिथून येऊन तोडणी, दुपारी हार, संध्याकाळी जिम. कुंभाच्या कामासाठी सगळे रस्ते खणून ठेवलेत, पिकअप अर्धा तास एकाच खड्ड्याशी उभी. शेजारचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता तर मी खाली उतरलो. आईने शर्ट धरून मागे ओढलं. 'बस खाली. फुलं सुकत्यात का तू?'

तू सांगितलंस तसं पळतोय. रोज पहाटे पाचला पाटावर. पण दीपे, खरं सांगू? वजनांचं काम दिसतं. पळण्याचं दिसत नाही. खांदे बघ म्हणजे कळेल. दंडात शर्ट अडकतो. देवव्रत म्हणतो, पळून माणूस बारीक होतो, पण आकार येत नाही. फुगा लहान झाला म्हणून त्याचं मडकं होत नाही. तो बोलतो बरा, बापाचं वळण. मला आरशात पहिल्यांदा असं वाटलं की हा माणूस दारात उभा राहिला तर भिकाकाका निदान 'बस' म्हणतील.

आमच्या अण्णांना मात्र काडीची किंमत नाही. काल क्रेट गाडीत चढवायला हाक मारली, मी म्हटलं खांदा दुखतोय. तर सगळ्या गड्यांसमोर म्हणतात, 'आमचा वाघ पैशे देऊन लोखंड उचलतो आन् फुकटातला झेंडू बघून त्याची कंबर मोडती.' सगळे हसले. मी मग रागाने तीन तीन क्रेट एकदम उचलले. आता खरंच दुखतोय.

माप आई घेते. मला एकट्याला पट्टी पाठीमागून फिरवता येत नाही. आई हातातला हार बाजूला ठेवून उठते, म्हणते, 'हात वर कर. नवरदेवावानी ताठ हुबा राहा.' मी श्वास भरतो, ती पट्टी नखाने धरते, मग मी श्वास सोडून आकडा वाचतो. ऐक. न फुगवता चौऱ्याऐंशी. फुगवून साडेनव्वद. साडेसहा वाढते! आता बोल.

रविवारी तुझा आवाज बारीक आला. वाऱ्याची दिशा असेल.

राज


प्रशिक्षण केंद्र
५ ऑक्टोबर

राज,

पत्र मिळालं. माप वाचून बरं वाटलं.

इथं सगळं ठीक. सध्या वर्गातच जास्त असते, कायद्याचे तास चालू आहेत. बसून बसून लिहायला वेळ आहे, पण काय लिहू ते सुचत नाही.

वजनांबद्दल मी जरा जास्तच बोलले मागच्या वेळी. ती अगदीच वाईट नसतात. मांड्यांना तर हवीतच. नुसतं पळून भागत नाही.

दसऱ्याला झेंडू कसा गेला? काकूंना जप. आवाज वाऱ्यानेच बारीक आला असेल.

दीपमाला


मखमलाबाद
२६ ऑक्टोबर

दीपमाला,

आशीर्वाद वगैरे आज नाही.

तीन महिन्यांपूर्वी तू मला लोखंडावरून शिव्या घातल्यास. आता अचानक 'मांड्यांना तर हवीतच'? कोण शिकवतंय तुला वजनं? कायद्याच्या तासाला मांड्यांचे व्यायाम असतात का?

आणि हेही सांगतो, पाडव्याला सणाचा म्हणून तुला फोन मिळाला, तेव्हा मी बांधाच्या पलीकडे होतो. हो, तुमच्या मेथीत. काकांनी बघितलं असतं तर बघितलं असतं. म्हणून या वेळी शब्दही ऐकू आले. तुझ्या बाजूला एक माणूस बोलला, 'चला दीपमालाताई, सावकाश, मी धरतो.' उस्ताद इतक्या गोड आवाजात बोलतात? आणि काय धरतो? तू लगेच 'ठेवते' म्हणालीस. काकू अजून चकल्यांचं विचारत होत्या.

निफाडचं परवडलं. ते निदान दारातून येतात.

तुला कंटाळा आला असेल तर सरळ सांग. मी पण दमलोय. सकाळी फुलं, दुपारी फुलं, संध्याकाळी लोखंड, आणि हे सगळं कशासाठी, तर एका पट्टीसाठी. कधी कधी आरशात बघतो तर तो फुगलेला माणूस कोण आहे तेच कळत नाही. तुला आवडेल म्हणून बनवतोय त्याला, आणि तुला तर वेळच नाही.

देवव्रत म्हणतो, ब्रेकअपमध्ये बॉडी चांगली बनते. बनू दे.

राज


प्रशिक्षण केंद्राचं रुग्णालय
९ नोव्हेंबर

राज,

पत्ता नीट वाच. मग पुढे वाच.

ऑगस्टच्या शेवटी माझ्या डाव्या नडगीच्या हाडाला चीर गेली. पडले नाही, धडकले नाही. पळून पळून गेली. दोन आठवडे मी कोणाला सांगितलंच नाही, पट्टा आवळून पळत राहिले, आणि एका सकाळी परेडच्या मध्यात पाय खाली टेकवेना. तुझा गोड आवाजाचा माणूस म्हणजे वॉर्डातले फुलसिंगमामा. पन्नाशीचे आहेत. व्हीलचेअरवरून मला पलंगावर बसवत होते. 'मी धरतो' म्हणजे कुबडी धरतो. मी लगेच फोन ठेवला, कारण आईला व्हीलचेअरचं चाक करकरलेलं ऐकू आलं असतं.

घरी माहीत नाही. बाबांना कळलं तर म्हणतील, बस झाली वर्दी, निफाडला चल.

फिजिओ मॅडमनी पहिल्या दिवशी माझा पाय हातात घेतला आणि विचारलं, 'कधी उठाबशा, वजनं, काही?' मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, नाही, मी फक्त पळते. त्या म्हणाल्या, 'दिसतंय. बारीक झालीस, हलकी झालीस, आरशात छान दिसत असशील. पण धक्का झेलायला मांसच नाही, म्हणून सगळा हाडावर आला.' आता मी घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय वर उचलते. दहा वेळा उचलला की घाम फुटतो. मी, जी सगळ्यांच्या पुढे पळायची. तुला जे लिहिलं होतं ना, 'मांड्यांना हवीतच', ते एवढं गिळून लिहिलं होतं. आणि तू त्यात माणूस शोधलास.

माझ्या तुकडीबरोबर मी आता बाहेर पडणार नाही. मला पुढच्या तुकडीत टाकलंय.

आता तुझं. तू पळत नाहीयेस. पहिल्या पत्रापासून नाही. पहाटे पाचला आईबरोबर फुलबाजारात आणि पहाटे पाचला पाटावर, दोन्ही एकाच पत्रात लिहिलंयस. मी तेव्हाच ओळखलं. बोलले नाही, कारण मीही तेव्हा पलंगावरच होते आणि खोटं कोणी कोणाला शिकवायचं?

तू मेथीत उभा राहिलास ते वाचून मला आधी राग आला. मग वाटलं, निदान कोणीतरी उभं राहू शकतंय.

दमले मी राज. रागवायलाही अंगात जोर लागतो. तो तुझ्याकडे बराच दिसतो, जरा पळण्यात घाल.

दीपमाला


मखमलाबाद
१६ नोव्हेंबर

दीपे,

चार पत्रं लिहून फाडली.

कालपासून पळतोय. खरंच. संध्याकाळी, जिमच्या वेळेत. पाटाच्या पहिल्या मोरीपर्यंत गेलो आणि ओणवा होऊन उभा राहिलो, छाती फाटायला आली. एवढा रुंद माणूस आणि श्वास मावेना. एक आजोबा शेळ्या घेऊन चालले होते. थांबून म्हणाले, 'पोरा, कोनी मागं लागलंय का?'

म्हटलं, नाही, पुढे गेलंय.

हे तेव्हा नव्हतो म्हणालो. आत्ता लिहिताना सुचलं. तेव्हा नुसता खोकलो.

पाय उचल. दहाचे बारा कर. देवव्रतला विचारलं तर म्हणाला, वजन हळू खाली आणायचं, आपटायचं नाही. खाली आणतानाच ताकद येते म्हणे. तुझ्या मॅडमना विचारून कर.

राज


मखमलाबाद
८ फेब्रुवारी २०२६

दीपे,

मैदान झालं. आधी सांगून टाकतो, म्हणजे तू शेवटाकडे उडी मारणार नाहीस. नाही झालं.

छातीच्या रांगेत उभा होतो तेव्हा मागची पोरं माझ्याकडे बघत होती. एक म्हणाला, 'दादा, तुमचं तर फिक्सच.' मी शर्ट काढला तर पट्टीवाला पण म्हणाला, 'वा.' न फुगवता शहाऐंशी. मग म्हणाला, घ्या श्वास. मी घेतला. पाटावरच्या त्या शेवटच्या चढाला घेतो तसा, पोटापासून. त्याने पट्टी बघितली. 'पुन्हा घ्या.' पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा त्याने स्वतःहून दुसऱ्याला बोलावलं, त्याने धरली. साडेनव्वद.

साडेचार.

सात महिने लोखंड उचलून होतो तिथंच आहे, फक्त रुंद. मागच्या वेळी चार होते. हा जो वरचा अर्धा आहे ना, तो पाटावरचा आहे. तुझा.

आणि ऐक, मी ओरडलो नाही. ओरडायचं होतं. घरी तर सहा-साडेसहा यायचे, म्हणजे याचीच पट्टी चुकीची, हेच डोक्यात आलं. पण तो माणूस इतका दमलेला होता. सकाळपासून उघड्या पोरांच्या छात्यांना मिठ्या मारत होता बिचारा. मी म्हटलं, 'बरं साहेब,' आणि शर्ट घातला. तो म्हणाला, 'वाईट वाटतंय मलाच.' गेटबाहेर येऊन उसाचा रस प्यायलो आणि बसून राहिलो.

घरी आलो तर आई ओसरीवर हार करत बसलेली. लग्नसराईची ऑर्डर, नवरा-नवरीचे दोन. मी पट्टी काढली, तिच्यासमोर टाकली. म्हटलं, 'माप घे.' माझा आवाज ऐकून ती लगेच उठली. न फुगवता घेतलं, शहाऐंशी. मग मी श्वास भरला, आणि या वेळी हात मागे नेऊन चाचपलं. पट्टीच्या आत तिची दोन बोटं होती.

'आई, ही बोटं कशाला?'

'आरं, श्वास भरला की छाती फुगती, पट्टी काचंल की तुला.'

'आणि आधीच्या मापाला नाही घातली?'

'तवा कशाला? तवा तू फुगल्याला कुठं असतोस.' मग माझ्याकडे न बघता, हार पुन्हा मांडीवर घेत म्हणाली, 'नवरदेवाच्या हाराला बी मी दोन बोटं सैलच सोडते. माळ पडली की पोरगं मोठ्ठा श्वास घेतं. तट्ट केला तर दोरा तुटतो, आन् ते चांगलं नसतं. तुझं माप तसंच घेतलं आजवर.'

दीपे, मी सात महिने वर्दीचं माप घेत होतो आणि आई हाराचं.

तोंडापर्यंत शिवी आली होती. कोणाला ते माहीत नाही. तिच्या हातांकडे बघितलं. बोटांच्या टोकांना दोऱ्याने चिरा पडलेल्या, त्यात झेंडूचा पिवळा रंग बसलेला, कितीही धुतला तरी जात नाही. पहाटे पाट्या उचलते, दिवसभर वाकते, बाजारात इकडून तिकडे पळते. वजनं पण झाली, कार्डिओ पण झाला. तिच्या अंगाला कसला आकार आला ते कोणी आरशात बघितलंय?

तिने विचारलं, 'का रं? चुकलं का माझं?'

म्हटलं, 'नाही. बरोबर आहे.'

मग सुईत दोरा ओवून दिला तिला. तिला आताशा दिसत नाही नीट.

काकांच्या हिशेबाने तुझं ट्रेनिंग संपायचा मार्च जवळ आला. काकांचा शब्द आणि माझी वर्दी, दोन्ही माझ्या हातात नाहीत. तुझं तू ठरव. मी भांडणार नाही. दमलोय म्हणून नाही. म्हणजे दमलोयच.

राज


प्रशिक्षण केंद्राचं रुग्णालय
१७ फेब्रुवारी

राज,

तुझं पत्र फुलसिंगमामांना वाचून दाखवलं. मधला काही भाग गाळला. ते म्हणाले, 'पोरगं ओरडलं नाही ना? मग झालं.'

रविवारी मी घरी सगळं सांगितलं. पाय, पलंग, पुढची तुकडी. आई रडली. मला स्पीकरवर नुसत्या कोंबड्या ऐकू येत होत्या. मग बाबा म्हणाले, 'म्हंजे आता कधी संपनार ट्रेनिंग?' मी म्हटलं, दिवाळीनंतर. आणि आठवण करून दिली, की तुम्ही शब्द दिलाय, ट्रेनिंग संपेपर्यंत कोणाला शब्द देणार नाही म्हणून. ट्रेनिंग लांबलंय, शब्द तुमचाच आहे. बाबा म्हणाले, 'तुला पोलिसात घालून मी चूक केली, वकील करायला पायजे हुती.' मग म्हणाले, 'निफाडला कळवतो. त्यास्नी तोवर दम नसंल तर नसंल.' तुझ्याबद्दल विचारलं तर फक्त 'बघू' म्हणाले. त्यांच्या तोंडून 'बघू' म्हणजे काय ते तू बांधावरून ओळखतोसच. रविवारी शेवंतीत होतास का? वारा कुठला होता?

वर्दीच पाहिजे असं मला कधीच नव्हतं. तू आरशाशी बोलत होतास, म्हणून विचारायचं राहिलं तुझं. पुन्हा भरतीला उभं राहायचं असेल तर राहा. कॉलेजात जाऊन ते ओळखपत्र परत मागायचं असेल तर तेही कर, मात्र जिना हळू चढ. मला फक्त ओरडणारा नको होता. तो मैदानावरच राहिला म्हणतोस, बघू. हे माझं 'बघू'.

रजा मिळालीय, एक मार्चला घरी येते. पळायला बंदी. वजन उचलायला बंदी, वाळूची पिशवी तेवढी चालेल. मॅडम म्हणाल्या, मऊ मातीवरून चाल, रोज थोडं थोडं, आणि कोणीतरी बरोबर असू दे. पाटाचा रस्ता मऊ आहे. पहिल्या मोरीपर्यंत जमेल मला. तिथं मी पण ओणवी होऊन उभी राहीन बहुतेक, तेव्हा शेळ्यांवाल्या आजोबांना तू उत्तर दे, या वेळी न खोकता.

येताना माझी पट्टी घेऊन ये, परत पाहिजे मला. घरात ठेवू नकोस, आणि काकूंना त्या बोटांचं कधीही काही सांगू नकोस.

हाराला त्यांना पट्टी लागत नाही. तुझं माप त्यांच्या हातात आहे. दोन बोटं सैल ठेवतील, तेवढी असू देत. श्वास घ्यायला लागेल आपल्याला.

दीपमाला